रंगीत काचा आणि हातगुण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींच्या वर्गात मी तिसरीला होतो. वाचनाच्या तासाला आमच्यातली निम्मी मुलं धडा पाठ करून यायची. पहिल्या शब्दापासून गाडी सुटली की ती थेट शेवटच्या पूर्णविरामाला थांबायची. गुरुजींना हे ठाऊक होतं. ते बाकाशी येत, पुस्तकात मधेच कुठेतरी बोट ठेवत आणि म्हणत, "हं, इथून वाच." मग कोणाला वाचता येतं आणि कोणाला नुसतं म्हणता येतं, ते उघड व्हायचं. पुढे मी डोळ्यांचा डॉक्टर झालो. आजचा विषय रंगीत काचांचा आहे, पण गुरुजींचं ते बोट मला वाटेत पुन्हा लागणार आहे.

काही मुलं बोलण्यात तरबेज, हिशेबात पक्की आणि तरी वाचताना अडखळतात. त्यातली काही सांगतात, अक्षरं हलतात, ओळी एकमेकींत शिरतात, पांढरा कागद डोळ्यांवर येतो. अशा मुलाच्या पानावर एखाद्या विशिष्ट रंगाचा पारदर्शक कागद ठेवला, किंवा त्याला त्या रंगाच्या काचांचा चष्मा दिला, तर वाचन सुधारतं, असं गेली चाळीस वर्षं सांगितलं जातंय. यात तथ्य किती?

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. नव्वदच्या दशकात एका परिषदेहून मी अशा रंगीत कागदांचा संच आणला होता. त्या सुमाराला एक बाई चौथीतल्या मुलाला घेऊन आल्या. डोळे तपासले, नंबर नाही, तिरळेपणा नाही, पडदा स्वच्छ. मी संच काढला. एकेक रंग पानावर ठेवत गेलो आणि हिरव्यावर पोरगं थांबलं. "डॉक्टरकाका, आता छान दिसतंय," म्हणालं. मी तो कागद देऊन टाकला. तीन आठवड्यांनी आई पेढे घेऊन हजर. मुलगा आपणहून पुस्तक घेऊन बसायला लागला होता. मी ते पेढे खाल्ले आणि पुढचं वर्षभर हा किस्सा ज्याला त्याला ऐकवला. वर्षाने त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा हातात प्रगतिपुस्तक होतं. वाचन होतं तिथेच. हिरवा कागद मात्र त्याने जपून ठेवला होता, कडा दुमडू नयेत म्हणून वहीच्या पुठ्ठ्यात घालून. त्याला तो आवडायचा.

मग ते तीन आठवडे काय झालं होतं? आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, हातगुण. अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं आपण सहज म्हणतो. औषध तेच, पण त्यांनी दिलं की उतार पडतो. वैद्यकशास्त्र हातगुण नाकारत नाही. ते एवढंच विचारतं की आलेल्या गुणातला औषधाचा वाटा किती आणि हाताचा किती. त्या मुलाकडे वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी ओरडल्याशिवाय लक्ष दिलं होतं. 'तू आळशी नाहीस, दोष कागदाचा आहे' असं एका डॉक्टरने सांगितलं होतं. घरातली भांडणं थांबली होती. शिवाय पालक येतात ते गाडं अगदी रुतल्यावर, म्हणजे त्यानंतर थोडं वर येणं हे काहीही न करता घडण्यासारखंच असतं. यात हिरव्या रंगाचं काम किती, हे मला माहीत नव्हतं आणि ते शोधण्याचा मी प्रयत्नही केला नव्हता.

वाचनाचा दोष डोळ्यांच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे, आणि तिला कारणही आहे. हा दोष प्रथम नोंदवणाऱ्यांत डोळ्यांचे डॉक्टर होते. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये 'शब्दांधत्वा'वर लिहिलं. ते वाचून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावातले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिगत छापली. पर्सीने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटपट आणि बरोबर केला. स्वतःचं नाव लिहिताना मात्र त्याने 'पर्सी'च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटसुलट केली. सातचा आकडा तो वाचायचा, अक्षरांत लिहिलेला 'सात' त्याला वाचता येत नसे. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. आणि मॉर्गननी स्पष्ट नोंदवलं होतं की मुलाची दृष्टी चांगली आहे. ही ओळ पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळांच्या नजरेतून निसटली.

रंगांची गोष्ट सुरू होते १९८० मध्ये. ऑलिव्ह मिअर्स या न्यूझीलंडमधल्या शिक्षिकेने लिहिलं की काही मुलांना पांढऱ्या कागदावरची काळी छपाई त्रास देते आणि रंगीत कागदामुळे तो कमी होतो. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात हाच विचार मांडला आणि त्या अवस्थेला नाव दिलं 'स्कोटोपिक सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम'. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून इथे थोडं कुरकुरतो. 'स्कोटोपिक' हा शब्द आम्ही अंधूक उजेडातल्या दृष्टीसाठी वापरतो. वाचन होतं ते भरपूर उजेडात, डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी, जिथे अंधाराच्या पेशी नसतातच. नाव बाळाच्या कुंडलीशी न जुळणारं निघालं, पण बाळ गाजलं. अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने ते घराघरांत नेलं, तपासनीस प्रशिक्षित झाले, केंद्रं उघडली.

त्याच १९८३ साली ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 'नेचर'मध्ये एक लेख छापला. त्यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना तीनचार शब्द ऐकवले आणि त्यातला वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखायला सांगितला. ज्यांना हे जमलं नाही त्यांचं वाचन पुढे मागे राहण्याची शक्यता जास्त दिसली. मग त्यातल्या ६५ कच्च्या मुलांचे गट केले. काहींना ध्वनी ओळखायला शिकवलं, काहींना ध्वनीबरोबर प्लास्टिकची अक्षरं हाताळायला दिली, काहींशी दुसरेच खेळ खेळले, काहींना काहीच दिलं नाही. दोन वर्षांनी ध्वनी आणि अक्षरं दोन्ही शिकलेली मुलं वाचनात स्पष्टपणे पुढे होती. डोळ्यांपुढचा कागद बदलण्याची गरज पडली नव्हती. 'सिक्स्टी मिनिट्स'ला यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. 'कप' आणि 'कमळ' एकाच आवाजाने सुरू होतात हे पोराला ऐकू आलं, याचं चित्रीकरण करणार कसं? रंगीत चष्मा घातलेलं हसरं मूल मात्र पडद्यावर फारच छान दिसतं.

आता पुराव्याकडे वळू. थोडा वेळ इथेच थांबणार आहे, कारण सगळी गंमत इथे आहे.

साखरेची गोळी आणि औषधाची गोळी एकसारखी बनवता येते. घेणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, मग हातगुण दोन्हीकडे सारखा वाटला जातो आणि उरलेला फरक औषधाचा. पण रंग कसा लपवणार? मुलाने निळा निवडला आणि तुम्ही त्याला पिवळा दिलात, तर त्याला तेव्हाच कळणार की हा आपला नव्हे. इंग्लंडमधले संशोधक आर्नल्ड विल्किन्स यांनी या अडचणीवर जी युक्ती काढली तिला मी आजही दाद देतो. विल्किन्स प्रकाशामुळे येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांवर काम करत होते. ठरावीक जाडीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या काही रुग्णांच्या मेंदूला डिवचतात हे त्यांना माहीत होतं, आणि छापील पानाच्या ओळी लांबून पट्ट्यांसारख्याच दिसतात. या कल्पनेतून त्यांनी एक पेटी बनवली. मूल पेटीच्या आतलं पान बघतं, आतल्या उजेडाचा रंग आणि गडदपणा सावकाश बदलत जातो. डोळे हळूहळू त्या रंगाला सरावतात, त्यामुळे आपल्याला नेमकी कोणती छटा 'चांगली' वाटली हे मुलाला स्वतःलाच सांगता येत नाही. मग चष्म्याच्या दोन जोड्या बनवायच्या. एक त्या नेमक्या छटेची, दुसरी तिच्या शेजारच्या छटेची, पण इतकी सरकलेली की पेटीत ती मुलाला उपयोगाची वाटली नव्हती. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी.

१९९४ मध्ये त्यांनी हा प्रयोग छापला. ६८ मुलं, प्रत्येकाला दोन्ही जोड्या एकेक महिना, क्रम चिठ्ठ्या टाकून. मुलांनी रोज डायरी लिहायची: आज डोळे दुखले का, डोकं दुखलं का? ३६ मुलांच्या डायऱ्या पुरेशा भरलेल्या होत्या, आणि त्यात नेमक्या छटेच्या दिवसांत त्रास कमी नोंदला गेला. रंगीत काचांचे समर्थक हा प्रयोग पुढे करतात, आणि त्यांचं ते करणं रास्त आहे. पण त्याच प्रयोगात मुलांची वाचनचाचणीही घेतली होती. तिच्यात दोन जोड्यांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. जवळपास निम्म्या डायऱ्या हाती आल्या नव्हत्या, हेही विसरू नये.

या एका प्रयोगात मला सगळा वाद दिसतो. 'बरं वाटतं का?' या प्रश्नाचं उत्तर एक आलं, 'वाचता येतं का?' या प्रश्नाचं दुसरं. माझ्या हिरव्या कागदाच्या पोराने मला पहिल्याचं उत्तर दिलं होतं, मी ते दुसऱ्याचं समजून पेढे खाल्ले.

दुसरा प्रयोग एडिंबराचा, स्टुअर्ट रिची आणि सहकाऱ्यांचा, २०११ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये आलेला. त्यांनी वाचनात मागे असलेली ७ ते १२ वर्षांची ६१ मुलं घेतली आणि अर्लेन पद्धतीच्या प्रशिक्षित तपासनीसाकडून तपासून घेतली. ६१ पैकी ४७ मुलांना 'अर्लेन सिंड्रोम' असल्याचा निकाल आला, म्हणजे ७७ टक्के. जी चाचणी चारातल्या तिघांना आजारी ठरवते तिच्याकडे जरा संशयाने बघावं, असं माझं मत आहे. मग प्रत्येक मुलाकडून त्याला सुचवलेल्या रंगाचा कागद ठेवून, दुसऱ्याच रंगाचा कागद ठेवून आणि रंगाविना वाचून घेतलं. सुचवलेल्या रंगाने काहीही फरक पडला नाही. वर्षभराने पुन्हा पाहिलं, तेव्हाही नाही.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण 'वेग इतक्या टक्क्यांनी वाढला' असे आकडे तुमच्या कानावर येतील. ते बहुतेक एका चाचणीतून येतात. तिच्यात पंधरा सोपे शब्द दर ओळीत वेगवेगळ्या क्रमाने छापलेले असतात आणि मूल मिनिटात किती वाचतं ते मोजतात. वाक्य नाही, अर्थ नाही. डोळ्यांचा त्रास मोजायला हे साधन बरं आहे. पण आजचं मूल उद्या तेच पान थोडं भरभर वाचतं, आवडता रंग हातात असला की आणखी थोडं, आणि असा जरासा फरक कधीकधी 'गुण आला' म्हणून नोंदला जातो. यालाच आपण कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतो.

२०१६ मध्ये फिलिप ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. बहुतेकांत पूर्वग्रह शिरायला मोकळी वाट होती, आणि जे अभ्यास जितके काटेकोर तितका त्यांतला फायदा कमी. रंगीत कागद किंवा काचा वाचनाच्या अडचणींवर सुचवाव्यात असा पुरावा नाही, असा निकाल त्यांनी दिला. त्याच वर्षी ब्रूस इव्हान्स आणि पीटर ॲलन यांचा आढावा जास्त मवाळ निघाला. दोघेही याच क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करणारे आहेत. त्यांचं म्हणणं असं की छपाईने डोळ्यांना होणारा त्रास आणि डिस्लेक्सिया, म्हणजे पर्सीसारखा वाचनदोष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याला रंगाने आराम पडू शकतो. या वाक्याचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. तो खरा धरला तर वाचनाच्या अडचणीवर उपाय म्हणून काचा विकण्याचं कारणच उरत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून रंगीत काचांना पाठिंबा नाकारला होता.

रंगाचा मेंदूवर परिणामच होत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये 'पोकेमॉन' बघताना पडद्यावर लाल-निळा उजेड झपाझप लखलखला आणि सहाशेहून जास्त जण, बहुतेक मुलं, रुग्णालयात गेले. इटलीत प्रकाशाने झटके येणाऱ्या ६१० रुग्णांना एका विशिष्ट निळ्या काचेतून तपासलं, तर त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांच्या मेंदूच्या आलेखावर लखलखाटाने उमटणारी प्रतिक्रिया नाहीशी झाली. हा परिणाम यंत्राच्या कागदावर उमटतो, त्याला मुलाच्या 'छान वाटतंय'ची गरज लागत नाही. काच काम करते तेव्हा ती कशी दिसते, ते इथे पाहायला मिळतं.

मग डोळे आणि वाचन यांचा संबंध किती? ब्रिस्टलच्या आसपास जन्मलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास नव्वदच्या दशकापासून चालू आहे. त्यातल्या ७ ते ९ वर्षांच्या ५,८२२ मुलांचे डोळे आणि वाचन दोन्ही तपासले गेले, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. १७२ मुलांना वाचनाची तीव्र अडचण होती. त्यातल्या दर पाचांतल्या चौघांचे डोळे प्रत्येक चाचणीत ठीक निघाले. म्हणजे मॉर्गननी पर्सीबद्दल लिहिलेलंच पुन्हा, मोठ्या आकड्यात. डोळे तपासू नका असा याचा अर्थ लावू नका. नंबर असेल तर तो निघालाच पाहिजे, आणि कान तपासणं तर आपण हमखास विसरतो. पण नंबर निघाला नाही म्हणून रंग शोधायला निघू नका.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळा पदर आहे. इंग्रजीसारखे स्पेलिंगचे छळ मराठीत नाहीत, त्यामुळे आपलं मूल बरेचदा चुकीचं वाचत नाही, हळू वाचतं. इतकं हळू की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. देवनागरीचे स्वतःचे खाचखळगेही आहेत. 'कि' लिहिताना इकार आधी आणि उच्चारताना नंतर. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'च्या डोक्यावर, बोलला जातो 'य'च्या आधी. घ आणि ध, भ आणि म एका रेघेच्या अंतरावर. बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर चिन्हांची संख्या इंग्रजीच्या कित्येक पट. अशा मुलाबद्दल पालक सांगतात, 'अक्षरं नाचतात म्हणतो', आणि नाचणारी अक्षरं ऐकली की आपण लगेच डोळ्यांकडे धावतो. खरं तर जे ओळखू येत नाही ते स्थिरही वाटत नाही. मोडी लिपीतलं जुनं दफ्तर समोर धरून बघा, पाच मिनिटांत तुमच्याही ओळी एकमेकींत शिरतील.

मोजायची साधनं आता आपल्या भाषेत आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' हा चाचणीसंच काढला, तो मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नाव आलं. 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे २००७ नंतर निदान पालकांच्या तोंडी 'डिस्लेक्सिया' हा शब्द तरी आला. मात्र माझ्याकडे येणाऱ्या पालकांची पहिली धाव अजून दहावीच्या सवलतीच्या दाखल्याकडे असते, शिकवण्याकडे नसते. दाखला हक्काचा आहे, तो घ्यावा. पण दाखल्याने वाचता येत नाही, आणि रंगीत काचेनेही येत नाही. येतं ते कंटाळवाण्या मार्गाने: ध्वनी वेगळे करणं, ध्वनीला अक्षर जोडणं, छोटे शब्द, मोठे शब्द, रोज थोडं, महिनोन्महिने, कोणीतरी शेजारी बसून.

बाजारात आज कोणी तुम्हाला महागडा रंगीत चष्मा सुचवला तर भांडू नका. मुलाला एखादा रंगीत कागद आवडत असेल तर तो काढूनही घेऊ नका, स्टेशनरीच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो आणि अपाय काही नाही. धोका वेगळा आहे. तिसरी-चौथीतलं एक वर्ष 'गुण येतोय' म्हणत निघून जातं, आणि त्या वर्षात शेजारी बसणारं माणूस मिळत नाही.

आणि माझ्यासारखी पेढ्यांची घाई करू नका. महिन्याभराने मुलाने कधीही न पाहिलेलं एक पुस्तक घ्या, काच डोळ्यांवर असताना एकदा आणि नसताना एकदा मधलंच पान उघडा, बोट ठेवा आणि म्हणा, "इथून वाच."